हात न लावलेलं तबक

"हूर, तुझ्या मौलानाचं ऐकलंस?"

थोरले चाचा मागल्या पडवीच्या पायरीवर उभे राहूनच बोलले. आत येण्याइतकाही धीर नव्हता त्यांना, एवढा आनंद पोटात मावेनासा झालेला. हूर, म्हणजे माझी फुफी, अब्बांची बहीण, फणस फोडत होती. कोपरापर्यंत खोबरेल तेल लावलेले हात, समोर पसरलेलं केळीचं पान, आणि तोंडात तिची ती नेहमीची ओवी:

बाबाच्या वाडीत गो फणस लागले बुंध्याला
गरे गेले भावांकडे, चीक माझ्या गो हाताला

चाचांना बघून तिने ओवी थांबवली नाही, फक्त हळू केली. संपवली. मग म्हणाली, "काय ऐकायचं, भाई?"

"खाडीपलीकडे वेळशेताला त्याची सख्खी बहीण राहते, जैनबबी. भाताच्या गिरणीमागे, भाड्याच्या खोलीत. बापाचं घर ह्या मौलानाने एकट्याने घेतलं. चाळिसाव्याला तिच्याकडून हक बक्षून घेतला, आपल्याकडे घेतात तसाच! तबक ठेवून! होडीने माणसं पलीकडे नेणाऱ्या तरीवाल्याने सगळं सांगितलं मला."

मी आत तांदूळ निवडत होते. माझे हात सुपातच राहिले.

आमच्या पांगारखाडीच्या मोहल्ल्यातली ही रीत सांगायला हवी. बाप गेला की चाळिसाव्या दिवशी कुराणखानी होते, जेवणं होतात, आणि मग भाऊ एका तबकात नवी साडी आणि नारळ ठेवून ते पडद्याआड बायकांकडे पाठवतात. बहिणीने तबकाला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "बक्षला." म्हणजे बापाच्या जमिनीतला तिचा हक तिने भावांना बक्षला, माफ केला. पडद्याबाहेर पुरुष म्हणायचे, "सुबहानल्ला, काय दिलाची बहीण!" झालं. साडीच्या बदल्यात वाडी गेली, आणि वर शाबासकी.

मौलाना शरफुद्दीन मोहल्ल्यात आले तेव्हापासून ह्या तबकावर तुटून पडले होते. काय आवाज होता त्यांचा! फजरची, पहाटेच्या नमाजातली त्यांची किरात, कुराणपठण, ऐकायला कोळवाड्यातले लोकसुद्धा होड्या सोडायच्या आधी मशिदीच्या दगडी गडग्याशी थांबत. बायकांसाठी पडद्याआड बयान, म्हणजे प्रवचन, सुरू केला तो त्यांनीच. फुफी आणि मी एकही चुकवला नाही. "मुलीचा हिस्सा अल्लाने ठरवलाय," ते म्हणायचे. "भावाच्या निम्मा, पण तो तिचा. लाजेने काढून घेतलेली गोष्ट म्हणजे बक्षीस नव्हे. तबकाला हात लावणाऱ्या बहिणीच्या डोळ्यांत कुणी बघितलंय का?" मुलींचा मकतब त्यांनीच उघडला आणि मला, वीस वर्षांच्या पोरीला, तिथे शिकवायला उभं केलं. मी त्यांच्यासारखा अरबी काफ उच्चारायचा प्रयत्न करायचे. त्यांच्यासारखी मान किंचित तिरकी करून बोलायचे, हे अम्मीने सांगेपर्यंत मला कळलंसुद्धा नव्हतं.

आणि आमचे आजोबा जाऊन महिना उलटला होता. मागे दोन मुलगे, बदरुद्दीन चाचा आणि माझे अब्बा. आणि मधली ही मुलगी, हूरबी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि फुफी माहेरी आली ती कायमची. आजोबांच्या अखेरच्या वर्षांत त्यांची सगळी सेवा तिनेच केली. झोपायची माजघराच्या कोपऱ्यात, ट्रंक पलंगाखाली. तिला वरची वाडी हवी होती. विहिरीजवळ आजोबांनी राखणीसाठी बांधलेली कौलारू खोपी होती, तिथे आपली चूल मांडायची होती. एवढंच. पण चाचांना वाडी एकसंध विकायची होती, गिऱ्हाईक पाहून ठेवलेलं होतं.

"बोल ना आता," चाचा म्हणाले. "ज्याने आपल्या बहिणीचं गिळलं, त्याने सांगितलेल्या शरियतच्या मसल्यावर तू सख्ख्या भावांशी भांडणार? गुरुवारी तबक येईल. मुकाट्याने हात लाव. लोकांत शोभा नको."

फुफीने गऱ्यातली आठळी काढून बाजूला टाकली. "भाई, गरे खाणार?"

"मी काय बोलतोय आणि तू काय..."

"कापा फणस हाय. गोड हाय. खा."

चाचा पाय आपटत गेले. मी बाहेर आले. मला रडू येत होतं. माझा राग कुणावर होता ते मला सांगता आलं नसतं. "फुफी, हे खरं असेल?"

"काय माहीत. ज्याच्या फायद्याची ही बातमी, त्याच्याच तोंडून ती आलीय. बातमी आली की आधी शहानिशा करा, हे कोणी शिकवलं?"

"मौलानांनीच."

"मग चल. हात धुते, उद्याच्या तरीने पलीकडे जाऊ."

*

खाडी त्या दिवशी ताटासारखी सपाट होती. तरीत फुफी कोणाशी बोलली नाही. बुरख्याचा पदर दातांत धरून पलीकडच्या खारफुटीकडे बघत राहिली. मी मनातल्या मनात घोकत होते, खोटं निघू दे, खोटं निघू दे.

गिरणीमागे खोल्यांची एक रांग होती, कोंड्याच्या वासात बुडालेली. शेवटच्या दारात एक बाई शिलाई मशिनवर बसली होती. मान किंचित तिरकी. तिला काही विचारायची गरजच नव्हती, त्या मानेनेच सांगितलं.

"जैनबबी?" फुफीने सलाम केला. "आम्ही पांगारखाडीच्या. तुमचा भाऊ आमच्याकडे मौलाना हाय."

बाईने मशीन थांबवलं. आम्हाला चटईवर बसवलं, पाणी दिलं. मग जरा वेळाने, जणू तिकडच्या हवापाण्याची चौकशी करावी तसं, तिने विचारलं, "बयान चांगला करतो का गो?"

"खूप चांगला."

"आवाज लहानपणापासून गोड. बाबा त्याला खांद्यावर बसवून उरुसाला न्यायचे, पैगंबरांच्या स्तुतीची नात म्हणायला लावायचे. लोक मला म्हणत, ही त्याची बहीण. मी अशी तोऱ्यात चालायची!" ती हसली. पुढचा एक दात पडला होता. "कशावर बोलतो?"

फुफीने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तिने सांगितलं. बहिणींच्या हकावर बोलतात. तबकावर बोलतात. लाजेने काढून घेतलेली गोष्ट म्हणजे बक्षीस नव्हे, असं म्हणतात.

जैनबबी ऐकत राहिली. हातातल्या कापडाची कड दुमडत राहिली, दुमडलेली पुन्हा सोडवत राहिली.

"असं म्हणतो?"

"असंच म्हणतात."

"मला नाय सांगितलं कधी," ती म्हणाली. "मी बक्षला नव्हता गो. तबक समोर आलं, सगळा गाव बसलेला, तो पडद्यापलीकडे मान खाली घालून. मला लाज वाटली. हात पुढे झाला. माझा कुठे, लाजेचा हात तो."

मग ती उठली, ट्रंक उघडली आणि तळातून एक साडी काढली. जांभळ्या रंगाची, घडी न मोडलेली. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. "त्या तबकातली हाय. अंगाला लावली नाय अजून." ती साडी तिने फुफीच्या हातात ठेवली आणि दोघी हलक्या आवाजात काही बोलल्या. मी दाराशी होते, मला ऐकू आलं नाही. निघताना फुफीच्या काखेत एक बोचकं होतं.

तरीत बसल्यावर माझा बांध फुटला. "मी उद्यापासून मकतबात जाणार नाही. त्यांनी शिकवलेलं काही नको मला."

"काय काय नको? यादी कर."

"फुफी!"

"अलिफ नको? बे नको? सूरे फातिहा त्यांच्याकडूनच शुद्ध केलीस, ती पण टाकून दे खाडीत. अशी टाक, लांब." तिने हाताने फेकून दाखवलं. तरीवाला हसायला लागला. फुफी हसली नाही. "माझं काय होईल ते बघ आधी. मला तर खोपी हवी हाय. आणि माझा सगळा धीर त्या माणसाच्या शब्दावर उभा होता."

तिने बोचकं छातीशी घट्ट ओढलं. तेव्हा मला कळलं की माझ्यापेक्षा मोठं काहीतरी तिचं बुडत होतं.

*

गुरुवारी ओटी माणसांनी भरली. कुराणखानी झाली, जेवणं झाली. माजघराच्या दाराला पडदा होता आणि पडद्याआड आम्ही बायका. मी फटीतून बघत होते. मौलाना मधे बसलेले. त्यांनी दुवा मागितली, आजोबांसाठी, आणि त्या आवाजाने दोनचार बायकांचे डोळे भरले. माझेही भरले, आणि त्याचा मला रागही आला.

मग चाचांनी खूण केली. तबक आलं. हिरवी साडी, वर नारळ. पडद्याखालून ते आत सरकलं आणि फुफीच्या गुडघ्यापाशी थांबलं.

बाहेरून मौलाना हळूच म्हणाले, "बदरुद्दीनभाई, तबक राहू द्या. ते ठीक नाही."

चाचा ह्याचीच वाट बघत होते.

"तुम्ही बोलू नका मौलाना! तुमची बहीण कुठे राहते, ते सांगा आधी इथे बसलेल्या जमातीला. वेळशेतात गिरणीमागे, भाड्याच्या खोलीत! आणि बापाच्या घराला कुलूप कुणाचं? तुमचं!" ओटीवर कुजबुज उठली. "बघा लोकहो. बहिणीचा हक खाणारा माणूस आम्हाला मिंबरावरून शहाणपण शिकवतो."

मी मौलानांकडे बघत होते. मला अजून वाटत होतं की ते मान वर करतील आणि म्हणतील, हे खोटं आहे. त्यांनी मान वर केली नाही. टोपीखाली कपाळावरचा घाम तेवढा दिसत होता.

"काय वाईट काम!" चाचांना जोर चढला. "आपल्या रक्ताची बहीण, तिच्या तोंडचा घास काढून घ्यायचा! हे हराम! सगळ्या जमातीसमोर सांगतो, हराम हे!"

"भाई," फुफी म्हणाली.

पडद्याआडून आलेला बाईचा आवाज. सगळे पडद्याकडे वळले.

"भाई, परत सांगा जरा. मागच्या बायकांना ऐकू नाय आलं."

चाचांना वाटलं, बहीण बाजूने आली. छाती पुढे काढून ते दुप्पट आवाजात म्हणाले, "बहिणीचा हक खाणं हराम!"

"आता आलं ऐकू," फुफी म्हणाली. "मग हे तबक कोणाचं?"

परसात कोंबडी केकाटली.

"ते... ते वेगळं," चाचा म्हणाले. "इथे तू राजीखुशीने..."

"त्यांची बहीण पण राजीखुशीनेच. तबकाला हात लावून. तुम्हीच सांगितलंत मला, पायरीवर उभं राहून." फुफीचा आवाज चढला नव्हता. ओवीत जसा सरळ लागायचा तसाच लागला होता. "भाई, मौलानांनी वाईट केलं, हे तुम्ही कशावरून म्हणता? त्यांनीच जो मसला सांगितला, त्याच्यावरून ना? तो मसला खोटा असेल, तर मौलानांनी काय वाईट केलं? काहीच नाय. रीत पाळली. आणि मसला खरा असेल, तर ते चुकले, आणि हे तबक पण चुकलं. दोन्हीकडून नाय बोलता येणार. एक काय ते ठरवा, मी बसलेय."

ओटीवर कोणीतरी फुस्सकन हसलं. ते मशिदीचा कारभार बघणारे मोहल्ल्याचे मुतवल्ली, उस्मान पेवेकर. खोकल्याचं निमित्त करून त्यांनी रुमाल तोंडावर धरला. "बदरू," ते म्हणाले, "तू आपल्याच तोंडाने फैसला केलास रे बाबा. तो पण दोनदा."

तेव्हा माझे अब्बा उठले. अब्बा मोठ्या भावापुढे कधी मान वर करून बोलले नव्हते. ते पडद्यापाशी आले, खाली वाकले, म्हणाले, "आपा, तबक इकडे दे." फुफीने ते सरकवलं. साडीच्या काठालासुद्धा तिचं बोट लागलं नव्हतं. अब्बांनी ते उचलून चाचांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "पाच हिस्से. दोन तुमचे, दोन माझे, एक आपाचा. माझ्यातलं थोडं तिला गेलं तरी चालेल."

"नको लतीफ," फुफी आतून म्हणाली. "माझं हाय तेवढंच दे. वरची वाडी तेवढ्यात बसत असेल तर वाडी, नाय तर जेवढी बसेल तेवढी."

उस्मानसाहेबांनी घसा खाकरला. "मग वाटणीला साक्ष कोणाची घ्यायची हूरबी? मौलानांची?"

सगळ्या माना पुन्हा त्या बसलेल्या माणसाकडे वळल्या.

"नाय," फुफी म्हणाली. "त्यांचा मसला मी घेतला, त्याचे उपकार मानते. पण साक्ष नाय घ्यायची. मसला कुराणात बघता येतो. साक्षीला माणूस बघावा लागतो."

मौलाना उठले. कुणाला सलाम करायचं त्यांना सुचलं नाही. ओटीच्या पायऱ्या उतरताना त्यांच्या पायाला चप्पल सापडेना, तेव्हा हसणारा मात्र कोणी नव्हता.

"सफूरा," फुफीने माझं मनगट धरलं. ट्रंकेमागून बोचकं काढून तिने माझ्या हातात दिलं. "जा. गडग्याशी गाठ त्यांना. लोकांसमोर नको."

तेव्हा मला उमगलं. सगळा वेळ ते बोचकं तिच्या हाताशी होतं. चाचा गरजत होते, मौलाना घाम पुसत होते, आणि पडद्याआड ही बाई पुराव्याला हात न लावता बसली होती. बाहेर फेकलं असतं तर मोहल्ल्याने मौलानांना तिथेच जमिनीत गाडलं असतं. तिने ते केलं नाही. तिला मौलाना हरायला नको होते, तिला खोपी हवी होती.

मी धावले. गडग्यापाशी, आंब्याखाली ते उभे होते. मी बोचकं पुढे केलं. त्यांनी गाठ सोडली, जांभळा काठ दिसला, आणि त्यांनी पुन्हा गाठ बांधली.

"तुम्ही गेला होतात तिकडे?"

"हो."

"तिने... काही निरोप?"

मला खूप बोलायचं होतं. मकतबातल्या पोरींच्या वतीने, माझ्या तिरक्या मानेच्या वतीने. पण खरं होतं तेच सांगितलं. "त्या म्हणाल्या, तुमचा आवाज लहानपणापासून गोड."

ते तिथेच गडग्यावर बसले. मी परत फिरले. मागून रडण्याचा आवाज आला, आणि तो मुळीच गोड नव्हता. कुठल्याही माणसाचा असतो तसा होता.

*

शुक्रवारी मिंबर रिकामा. मौलाना तरीने पलीकडे गेले होते. नमाज उस्मानसाहेबांनी पढवली, दोनदा अडखळून. मी शनिवारी मकतबात गेले. पोरींना तीच सूरे फातिहा शिकवली, तसाच काफ काढून. फक्त मान सरळ ठेवली.

चाचांनी फुफीच्या वाट्याला आलेल्या वरच्या वाडीच्या हद्दीला जांभ्याचे चिरे स्वतः लावले. बोलत नव्हते, पण चिरे सरळ लावले. फुफीने खोपीत चूल घातली आणि पहिला चहा त्यांनाच पाठवला. कपात साखर जास्त टाकून. "रागात गोड लागतं," म्हणाली.

फणसांचा हंगाम सरत आला होता तेव्हा एका दुपारी बंदराला तरीची होडी लागली आणि तिच्यातून जैनबबी उतरली. तिच्या अंगावर ती जांभळी साडी होती, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. कमरेला किल्ली. पाठोपाठ, दहा पावलं मागे, मौलाना. ते मशिदीकडे वळले नाहीत. बंदरावरच थांबले, जमात काय म्हणते ते कळेपर्यंत.

जमातीने काय केलं? मोहल्ल्याच्या इतिहासात झालं नव्हतं ते. उस्मानसाहेब आणि दोन बुजुर्ग चढण चढून वरच्या वाडीत आले, खोपीबाहेर पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "हूरबी, त्या माणसाच्या मागे नमाज पढायची का, तुझं म्हणणं काय?"

फुफीने आधी जैनबबीकडे बघितलं. जैनबबीने किल्ली वाजवून दाखवली. "पुढचं तिसऱ्या हिश्श्याचं घर माझं. गावासमोर दिलं. मोजून दिलं."

"त्यांच्या मागे नमाज तर तेव्हापण झाली असती," फुफी बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली. "आता मन पण लागेल. बोलवा त्यांना."

म्हातारे उतरणीला लागले. मी त्यांच्या पाठी बघत राहिले. ज्या बाईला माजघराच्या कोपऱ्यापलीकडे जागा नव्हती, तिच्या दारी मसला विचारायला आलेले तीन पुरुष. माझा ऊर त्या दिवशी जो भरून आला तो अजून ओसरलेला नाही. मी अब्बांची मुलगी म्हणून ओळखली गेले, पुढे मास्तरीण म्हणून ओळखली गेले. पण कोणी विचारलं तर आधी सांगते, मी हूरबीची भाची.

तबक आता मोहल्ल्यात कोणी ठेवत नाही. माझ्या अब्बांच्या चाळिसाव्याला माझ्या भावांना ते आठवलंही नाही.

त्या दुपारी फुफीने राहिलेला शेवटचा फणस काढला. जैनबबी पुढे सरसावली, आणि फुफीने तिचे हात धरले. "थांब गो, चीक लागेल." वाटीतलं खोबरेल तिने आधी जैनबबीच्या तळव्यांना चोळलं, मनगटापर्यंत, सावकाश, मग स्वतःच्या. शिलाईने खरबरीत झालेली ती बोटं तेलात चमकायला लागली. आणि फुफीने ओवी उचलली, तीच जुनी, पण दुसऱ्या ओळीला तिने वाट बदलली:

बाबाच्या वाडीत गो फणस लागले बुंध्याला
तेल लाव जैनबे, तुझ्या माझ्या गो हाताला